हलक्या ओझ्याचा जड भाव

पावसाळा तोंडावर आला की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील तरुणांच्या बोलण्यात सह्याद्रीचे किल्ले डोकावू लागतात. शनिवारी रात्री कसाऱ्याची किंवा कर्जतची शेवटची गाडी गाठायची, पहाटे एखाद्या गडाची वाट धरायची आणि रविवारी रात्री चिखलाने माखून घरी परतायचे, हा येथील चाळींमधला निदान दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता आहे. अलीकडे मात्र या बोलण्याचा रोख बदलला आहे. कोणता गड, कोणती वाट, सोबत कोण, हे प्रश्न मागे पडतात आणि कोणाचा तंबू किती ग्रॅमचा, तो कोठून मिळवला, त्यासाठी किती बोली लावावी लागली, याचीच चर्चा अधिक रंगते. अतिशय हलके परदेशी तंबू, पिसांच्या स्लीपिंग बॅगा, मुठीत मावणारे स्टोव्ह अशा वस्तू ऑनलाइन लिलावांत, बहुधा वापरलेल्या स्थितीत, नव्या वस्तूच्या किमतीला आणि प्रसंगी तिच्याहूनही अधिक भावाने घेतल्या जात आहेत. हा हौशी मंडळींचा खाजगी मामला आहे, असे म्हणून विषय सोडून देता आला असता. परंतु या व्यवहारात बाजारपेठेच्या स्वरूपाविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याची झळ बोली लावणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही.

लिलाव ही गोष्ट मुंबईकराला नवी नाही. कुलाब्याच्या ससून गोदीत पहाटे मासळीचा लिलाव होतो. तेथे माल समोर पडलेला असतो; त्याचा ताजेपणा हाताने आणि नाकाने पारखता येतो; बोली लावणाऱ्या कोळणी एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखतात; आणि आजचा भाव चुकला तर उद्या पहाटे तो दुरुस्त करण्याची संधी असते. लालबागच्या राजाच्या चरणी आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचाही गणेशोत्सवानंतर लिलाव होतो. तेथे धातूच्या बाजारभावाहून अधिक बोली अनेकदा लागते. पण त्यात फसगत कोणाचीच नसते. भाविक धातू विकत घेत नसून प्रसाद घेत असतो आणि वरच्या रकमेकडे तो देणगी म्हणून पाहतो. तात्पर्य, पहिल्या लिलावात वस्तूचे ज्ञान आहे आणि दुसऱ्यात स्वतःच्या हेतूचे. ऑनलाइन लिलावात या दोहोंचाही अभाव असण्याचा संभव फार मोठा असतो.

या लिलावांचा इतिहास फार जुना नाही. ज्या संकेतस्थळाचे नाव पुढे ‘ईबे’ झाले ते पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, आणि त्याला १४.८३ डॉलर आले. घेणारा मोडक्या लेसर पॉइंटरांचा संग्राहक होता. ज्या वस्तूला एरवी गिऱ्हाईक मिळाले नसते तिला गिऱ्हाईक मिळवून देणे, ही या व्यवस्थेची खरी कामगिरी होय, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. आपल्याकडे २००० साली मुंबईतून ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेची ही भारतीय शाखा बंद झाली. तेव्हापासून आपल्या हौशी गिर्यारोहकांपुढे दोन मार्ग उरले. एक, परदेशी संकेतस्थळावर बोली लावून माल टपालाने किंवा सुटीवर येणाऱ्या नातेवाइकाच्या हस्ते मागवणे. आणि दुसरा, मोबाइलवरील ओळखीपाळखीच्या मंडळींत वापरलेल्या सामानाला चढती बोली लावणे. पहिल्या मार्गात टपालखर्च आणि आयातकर यांची भर पडून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. दुसऱ्यात मसाला नसतो. पण कोंबडीचाच भाव चढलेला असतो.

हा भाव का चढतो? अर्थशास्त्राने या प्रश्नाचा बराच खोलवर विचार केलेला आहे. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अनुभव घेतलेल्या तीन अमेरिकन अभियंत्यांनी १९७१ साली असे दाखवून दिले की, वस्तूचे खरे मोल कोणालाच नेमके ठाऊक नसते तेव्हा लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो. यालाच पुढे ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. दहा जणांनी एका तंबूची किंमत मनाशी ठरवली, तर त्यांच्या अंदाजांची सरासरी कदाचित योग्य किमतीच्या जवळ येईल. परंतु तंबू सरासरी अंदाज करणाऱ्याला मिळत नाही, सर्वांत उतावळ्याला मिळतो.

तथापि, वस्तूची किंमत ठाऊक असतानाही माणसे जादा बोली लावतात, ही त्याहून विस्मयकारक गोष्ट आहे. उल्रिके मालमेंडिएर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने एका सहकाऱ्यासह केलेले संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. ईबेवर एक पटावरचा खेळ एकाच वेळी दोन रीतींनी विकला जात होता: लिलावाने, आणि सुमारे १३० डॉलर या ठरीव किमतीने. ठरीव किमतीचा पर्याय त्याच संकेतस्थळावर उपलब्ध असूनही ४२ टक्के लिलावांत अखेरची बोली त्या किमतीच्या वर गेली. गंमत अशी की, तो खेळ पैशाचे शहाणे नियोजन शिकवण्यासाठी काढलेला होता! सगळेच ग्राहक अविचारी असतात, असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्य माणसे विचारानेच वागतात. पण लिलावाची रचनाच अशी की ती गर्दीतून मोजक्या अविचारी माणसांना अचूक वेचून काढते. दुकानात शहाण्या गिऱ्हाइकाचाही वाटा असतो. लिलावात अखेरचा शब्द उतावळ्याचाच असतो.

वापरलेल्या मालाच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून ती विशद केली होती. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. हलक्या तंबूंना हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. त्यांचे कापड अतिशय विरळ असून पाणी अडवण्याचे काम त्यावरचा पातळ लेप करतो. अनेक तंबूंमध्ये हा लेप पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत तो कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो. मुंबईच्या हवेत, चाळीतल्या माळ्यावर चार पावसाळे गुंडाळून ठेवलेल्या तंबूचे काय होत असेल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. पिसांच्या बॅगेचेही तसेच. ओल धरलेली, दबलेली पिसे ऊब धरत नाहीत. छायाचित्रात मात्र तंबूचा रंग उठून दिसतो आणि बॅग गुबगुबीत दिसते. मासळीचा वास तेथे येत नाही.

आता हलकेपणाचेच गणित मांडून पाहू. दोघांसाठीचा साधा तंबू सुमारे तीन किलोंचा असतो आणि तो पाच हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतो. एक किलोच्या आतबाहेरचा परदेशी तंबू पाचशे डॉलरच्या, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या पुढे जातो. फरक ३५ हजारांचा आणि बचत दोन किलोंची. म्हणजे ग्रॅममागे साडेसतरा रुपये पडले! तंबू दोघांचा असल्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवरचे ओझे फक्त एक किलोने घटते, आणि एक किलो म्हणजे एक लिटर पाणी. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर चढणाऱ्या माणसाला दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी वाहून न्यावेच लागते. वाटेवरचे एक टाके किंवा झरा ठाऊक असला तर तितकेच वजन फुकट वाचते. उंच, कोरड्या परदेशी डोंगरांत आठवडेच्या आठवडे चालणाऱ्यांसाठी बनवलेले ते विरळ कापड येथील करवंदीच्या जाळीत आणि जुलैच्या आडव्या पावसात किती टिकेल, हाही प्रश्नच आहे. राजगडावरील पद्मावतीच्या देवळात, हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत, नाहीतर पायथ्याच्या गावातील एखाद्या पडवीत मुंबईकर भटक्यांनी वर्षानुवर्षे रात्री काढल्या. तेव्हा तंबूचे वजन हा प्रश्नच उपस्थित झाला नव्हता.

अर्थात, त्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. तेव्हाचा साधेपणा पुष्कळसा सक्तीचा होता. परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवान्यांची व्यवस्था यांमुळे परदेशी साहित्य सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. १९९१ नंतर दारे किलकिली झाली. उपभोग्य वस्तूंवरील उरलेसुरले आयातनिर्बंध तर १ एप्रिल २००१ रोजी उठले. त्याआधी कॅनव्हासची सॅक आणि हंटर बूट यांवरच भागवावे लागे. पण त्या टंचाईने एक चांगली सवय लावली होती. १९५४ साली स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’पासून पुढे निघालेल्या मुंबईतील अनेक गिर्यारोहण संस्थांमध्ये दोर, कड्या, तंबू हे साहित्य संस्थेचे असे आणि ते सर्वांनी आळीपाळीने वापरावे, असा संकेत असे. आज टंचाई गेली आहे, हे चांगलेच झाले. पण तिच्यासोबत तो संकेतही क्षीण होत चालला आहे. बाजारात माल मुबलक असताना लिलावाने कृत्रिम टंचाईचा आभास निर्माण करावा, हा खरा विरोधाभास होय.

त्याचा परिणाम कसा होतो, हे मी जवळून पाहिले आहे. लालबागमधील माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून असा एक वापरलेला परदेशी तंबू बोली लावून घेतला. अखेरच्या पाच मिनिटांत आपण किती वेळा रक्कम वाढवली, ते त्याला नंतर नीट आठवतही नव्हते. पहिल्याच पावसात तंबूच्या आतील बाजूने पापुद्रे निघाले. त्याचे पैसे गेले, हे वाईटच झाले. पण त्याहून वाईट गोष्ट मला पुढच्या वर्षी कळली. महाविद्यालयाच्या पदभ्रमणासाठी नावे घेताना दोघी-तिघींनी आणि चार-पाच मुलांनी ‘सर, आमच्याकडे सामान नाही’ असे सांगून माघार घेतली. एका दिवसाच्या वाटचालीला पाण्याची बाटली, डबा आणि बऱ्या पकडीचे बूट याखेरीज काही लागत नाही, हे त्यांना पटेना. त्यांच्या मित्रांच्या बोलण्यातून त्यांनी वेगळाच धडा घेतला होता. जो डोंगर परळच्या गिरणी कामगाराच्या मुलाला आणि गिरगावच्या कारकुनाच्या मुलीला रेल्वेच्या तिकिटात मिळत होता, त्याच्या पायथ्याशी आता एक न दिसणारा जकातनाका उभा राहिला आहे.

यावर कोणी म्हणेल की हौसेला मोल नसते, आणि ज्याचा पैसा त्याची मर्जी. हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. हिमालयात दीर्घ मोहिमेवर जाणाऱ्याला, किंवा गुडघ्यांनी असहकार पुकारला असतानाही डोंगर न सोडणाऱ्या साठीच्या गृहस्थाला, हलक्या तंबूचे मोल खरोखरच अधिक असते. त्यांनी ते जरूर द्यावे. लिलावाचे समर्थक नेमके हेच सांगतात की वस्तू ज्याला सर्वाधिक मोलाची वाटते त्याच्याकडे ती जाते. पण या युक्तिवादात असे गृहीत धरले आहे की बोली लावण्यापूर्वीच माणसाच्या मनात ते मोल पक्के झालेले असते. प्रत्यक्षात समोरच्याने रक्कम वाढवली म्हणून वस्तू मोलाची वाटू लागते आणि घड्याळाचा काटा सरकतो तसतशी ती आपलीच होती, असे वाटू लागते. तेथे हौसेला मोल नसते असे नाही. ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, इतकेच.

उपाय अवघड नाहीत. विल्यम विकरी यांनी १९६१ साली लिलावाचा जो एक प्रकार मांडला, त्यात विजेत्याने स्वतःची नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असते. म्हणून प्रत्येकाने आपले खरे मोल एकदाच सांगून स्वस्थ बसणे हेच हिताचे ठरते. ऑनलाइन लिलावांची रचना बरीचशी याच धर्तीची आहे. तेव्हा बोली लावणाऱ्याने आधी त्या वस्तूची दुकानातील नवी किंमत पाहावी, तीतून वापराची घट, टपाल आणि कर वजा करावेत, उरलेली रक्कम कागदावर लिहावी, तेवढी बोली एकदा लावावी आणि झोपी जावे.

परंतु याहून महत्त्वाचा उपाय सामुदायिक आहे. वर्षाकाठी दहा रात्री वापरलेला चाळीस हजारांचा तंबू पाच वर्षे टिकला, तर एका रात्रीला ८०० रुपये पडतात. पाच हजारांचा साधा तंबू दहा जणांनी मिळून वर्षाला चाळीस रात्री वापरला, तर तितक्याच काळात एका रात्रीचा खर्च २५ रुपयांवर येतो. दादर-परळ परिसरातील महाविद्यालयांनी आणि गिर्यारोहण संस्थांनी ग्रंथालयाप्रमाणे साहित्याचे भांडार ठेवावे. अल्प भाड्याने ते द्यावे. पावसाळ्यानंतर ते वाळवून, तपासून, दुरुस्त करून ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांनीच करावे. चार-सहा तंबू, वीसेक कॅरीमॅट आणि दहा सॅक यांपासून आरंभ करता येईल. आमच्या महाविद्यालयात यंदा तसा प्रयत्न करण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि पापुद्रे निघालेल्या त्या तंबूचा मालक भांडाराची नोंदवही सांभाळणार आहे. येत्या जुलैत नावे घेताना ‘सामान नाही’ हे कारण कोणाला सांगावे लागले नाही, तर हा हिशेब जमला असे म्हणता येईल.