परका मासा आणि ज्ञानाचे जाळे

समुद्राला कुंपण घालता येत नाही. परका मासा एकदा पाण्यात स्थिरावला की त्याला हुसकावणे कोणत्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचे ठरते, हा कटू अनुभव कॅरिबियन समुद्रातील बेटे आज घेत आहेत. आपल्या हिंदी महासागरात आणि पॅसिफिकमध्ये मूळचा असलेला पट्टेरी सिंहमासा, अर्थात लायनफिश, १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला. हौशी लोकांनी शोभेच्या काचपेट्यांतून तो समुद्रात सोडला असावा, असे अभ्यासक मानतात. २००४ साली तो बहामात पोहोचला आणि पुढे सारा कॅरिबियन समुद्र त्याने व्यापला. अंगावर अठरा विषारी काटे, मादीची वर्षाकाठी सुमारे २० लाख अंडी आणि शत्रू जवळजवळ नाही. मग त्याला आवरणार कोण? बहामातील एका प्रयोगात अवघ्या पाच आठवड्यांत प्रवाळखडकांवर येणाऱ्या स्थानिक पिलांची भर ७९ टक्क्यांनी घटल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले.

समूळ उच्चाटन अशक्य आहे, कारण हा मासा ३०० मीटर खोलीवरही दिसला आहे. पाणबुड्याचा भाला तेथवर पोहोचत नाही. तथापि नियंत्रण शक्य आहे. ठराविक मर्यादेखाली त्याची संख्या ठेवलेल्या खडकांवर स्थानिक मासळी ५० ते ७० टक्क्यांनी वाढली, असे बहामातीलच २०१४ च्या अभ्यासात दिसून आले. पण कोठे, केव्हा व किती पकडावे, हे कळणार कसे? येथेच इंटरनेटचे खरे मोल प्रत्ययास येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने परक्या जलचरांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवली. कोणाही पाणबुड्याने मासा पाहिल्याचे कळवावे, तज्ज्ञांनी ते पारखावे आणि नकाशावर ठिपका उमटावा, अशी ही व्यवस्था. काटे कसे छाटावेत, दंश झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात अवयव कसा बुडवावा, विष काट्यांत असते, मांसात नव्हे, ही माहिती बेटाबेटांवर पोहोचली, तेव्हा कोठे लोक हा मासा ताटात घेऊ लागले.

यातून आम्ही काय बोध घेणार? सिंहमासा आपल्याकडे घरचाच, म्हणून निर्धास्त राहावे, असे नव्हे. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली भारतात मुद्दाम आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत तो डोईजड झाला. जहाजांच्या तोल राखणाऱ्या पाण्यातूनही परके जीव बंदरोबंदरी उतरतात. अनोळखी मासळी प्रथम दिसते ती पागी-रापणकारांना, प्रयोगशाळेला नव्हे. दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि मालीम, कुटबणच्या धक्क्यांवर अनुभवी माणसे आहेत. मत्स्योद्योग खात्याने या दोहोंना जोडणारी, मराठी-कोकणीत चालणारी खुली नोंदवही सुरू करावी. मात्र आलेली प्रत्येक नोंद तज्ज्ञांनी पारखलीच पाहिजे. अन्यथा अफवाही ज्ञान म्हणून खपतील. बैल गेला नि झोपा केला, ही पाळी आपल्यावर येऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.