छपन्नच्या दुष्काळाची पाटी कुठे आहे?

जलंब ते खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची रेल्वे १८७० साली सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्याचे एवढे कौतुक होते ते वऱ्हाडी कापसापायी. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. पुढे खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या कापसाच्या पेठा झाल्या. हे वैभव आपण अभिमानाने सांगतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र सांगत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळातून वऱ्हाड सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६ मधला, म्हणून छपन्नचा. १८९१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्यात सुमारे ४ लाख ८१ हजार माणसे होती. १९०१ मध्ये ४ लाख २३ हजार ६१६ उरली. दहा वर्षांत बारा टक्के घट. यात गाव सोडून गेलेले असतील, न जन्मलेली लेकरेही असतील. पण सरकारी नोंदीतही या घटीचे कारण दुष्काळ असेच दिले आहे.

पाऊस पडला नाही, हे खरे. पण ज्वारीच्या रानात कापूस शिरला होता, पेवातले धान्य घटले होते आणि शेतसारा रोखीने भरायचा होता. रेल्वेने धान्य आणता येत होते. ते विकत घ्यायला मजुराच्या गाठीला पैसा कुठे होता? दुष्काळी कामे निघाली, हेही सांगितले पाहिजे. मात्र त्यांवरची मजुरी जीव तगण्यापुरतीच ठेवायची, हे सरकारचे धोरणच होते.

त्याच सुमारास काय काय घडत होते पाहा. जानेवारी १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरिया वारली आणि लॉर्ड कर्झनने कोलकात्यात तिचे संगमरवरी स्मारक उभारण्याचा घाट घातला. त्यासाठी संस्थानिकांकडून आणि जनतेकडून वर्गणी गोळा झाली. १९०२ मध्ये त्याच कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. जानेवारी १९०३ मध्ये दिल्ली दरबार भरला. राणीचे स्मारक १९२१ मध्ये खुले झाले आणि आजही लोक ते पाहायला रांगा लावतात. छपन्नमध्ये गेलेल्या वऱ्हाडी माणसांची आठवण देणारी साधी पाटीही मला आपल्या जिल्ह्यात दिसलेली नाही.

पुतळे हलवून हे भरून येत नाही. मुंबईचा काळा घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, म्हणून आपल्याला आपला इतिहास कळला असे झाले नाही. साम्राज्याचे वैभव दगडात कोरले गेले; त्याखाली भरडलेल्यांची नोंद आपणच करायला हवी.

ती करता येते. जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसीलमधली जुनी कोतवालबुके चाळतो. त्यांत जन्मांबरोबर मृत्यूही लिहिलेले आहेत. शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या गावच्या त्या वर्षांच्या जीर्ण नोंदी वाचून काढाव्यात. जिल्हा प्रशासनाने खामगाव स्टेशनवर आणि बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात शिरगणतीचे ते दोन आकडे ठळक लावावेत. वाचकहो, तुमच्या घरात छपन्नच्या काळाची आठवण सांगणारे कोणी असेल, तर ती आजच लिहून ठेवा.