नाणे एक, तिजोऱ्या अनेक

बर्लिनची गृहिणी उद्या अथेन्सला गेली, तर पैसे बदलून घेण्याची यातायात तिला नाही. १ जानेवारी २००२ पासून दोन्हीकडच्या बाजारांत युरोचेच नाणे खणखणते आहे. मार्क गेला, फ्रँक गेला, ग्रीकांचा ड्रॅक्माही गेला. सोय मोठीच झाली. पण एका नाण्यावर संसार मांडणे निराळे आणि तो निभावणे निराळे.

आता बिहारचा आणि महाराष्ट्राचा रुपयाही एकच आहे. पण आपल्याकडे दिल्लीत एक मोठी तिजोरी आहे, आणि तिच्यातली वाटणी कशी व्हावी हे घटनेच्या २८०व्या कलमान्वये नेमलेला वित्त आयोग सुचवतो. मिळवता भाऊ कुरकुरला तरी धाकट्याच्या पानात चार घास पडतातच. युरोपीय राष्ट्रांनी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्त येथे सह्या केल्या त्या वेगळ्याच बोलीवर. नाणे सामाईक, मध्यवर्ती बँक सामाईक. पण कर, खर्च आणि कर्ज ज्याचे त्याने पाहावे! एकाचे देणे दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही, असे कलमच घातले. बँकेने सरकारांना थेट कर्ज देऊ नये, हे दुसरे कलम. शिवाय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ३ च्या आत हवी.

हा नियम पहिल्यांदा धाब्यावर बसवणाऱ्यांत कोण होते? खुद्द जर्मनी आणि फ्रान्स! २००३ साली अर्थमंत्र्यांनी या दोघांवरची कारवाई स्थगित केली. पुढल्या वर्षी युरोपीय न्यायालयाने तो ठराव रद्द ठरवला, पण दंड कोणालाच झाला नाही. थोरल्यांनीच असा पायंडा पाडल्यावर धाकट्यांना बोल काय लावायचा?

ग्रीसने तर हिशेबच खोटे दिले होते. २००९ साली नव्या सरकारने खरी तूट जाहीर केली आणि सावकारांनी हात आखडले. स्वतःचे चलन असते, तर ग्रीसने त्याची किंमत उतरवली असती. आपण ६ जून १९६६ रोजी तेच केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. महागाईचा चटका बसतो खरा, पण निर्यातीला वाट मिळते. ग्रीसला ती वाट बंद. मग कात्री लागली ती पगारांना आणि पेन्शनांना. इतर राष्ट्रांनी पैसे दिले, पण कडक अटींवर. ‘हे देणे फेडणे नव्हे, नवे कर्ज देणे आहे,’ असा कायद्याचा अर्थ लावला गेला आणि २०१२ साली न्यायालयानेही तो मानला.

२०१५ च्या जूनअखेर ग्रीसमधल्या बँकांना टाळी लागली. खात्यात शिल्लक असूनही माणशी दिवसाला ६० युरोच मिळत. ज्यांच्यापाशी कार्ड नव्हते ते म्हातारे पेन्शनर बँकांच्या दारात रांगा लावून उभे राहिले. ५ जुलैला जनतेने सावकारांच्या अटींना बहुमताने नकार दिला. आठवडाभरात सरकारने त्याहून जाचक अटी पत्करल्या. कौल ग्रीकांचा, पण निर्णय बाकीच्या अठरा देशांच्या संमतीवाचून होईना. त्या देशांतही मतदार आहेत आणि पैसा त्यांच्या करांतला, हेही नाकारता येत नाही. मला स्वतःला मात्र त्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा अपराध अजून उमगलेला नाही.

सरकारांचे एकमत होईना, तेव्हा भार पडला मध्यवर्ती बँकेवर. तिचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी २६ जुलै २०१२ रोजीच लंडनमध्ये बजावले होते, की युरो वाचवण्यासाठी आपल्या अधिकारात जे करावे लागेल ते सारे करू. त्यानंतर जाहीर झालेल्या रोखे-खरेदीच्या योजनेत एक युरोही खर्चावा लागला नाही. नुसत्या शब्दाने बाजार शांत झाला! पण पुढे बँकेने दुसऱ्या योजनेखाली रोख्यांची प्रचंड खरेदी केली, आणि ५ मे २०२० रोजी कार्ल्सरूहच्या जर्मन घटना न्यायालयाने निकाल दिला, की बँकेने अधिकाराची मर्यादा ओलांडली, आणि तिला योग्य ठरवणाऱ्या युरोपीय न्यायालयानेही! युरोपीय आयोगाने जर्मनीवर कारवाई सुरू केली. युरोपीय कायदाच श्रेष्ठ, असे जर्मन सरकारने लिहून दिल्यावर २०२१ च्या डिसेंबरात ती फाईल मिटली. त्या कागदावर सही सरकारची आहे, कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांची नाही.