पेनड्राइव्हवरचं समूहगीत आणि एस्टोनियाचा अल्बम

पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्या पोरांची आहे. वेळ काढून वाचा.

१५ ऑगस्टला आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. चाळीसेक पोरं स्टेजवर, कडक इस्त्रीचे गणवेश. समूहगीत सुरू झालं. पुढच्या रांगेतली एक मुलगी मधेच खोकायला लागली, शेजारचे दोघे तिच्याकडे बघत गप्प झाले, पण आवाजात तसूभर फरक नाही. तेव्हा लक्षात आलं, गाणं पेनड्राइव्हवरचं होतं. पोरं नुसते ओठ हलवत होती.

आणि संध्याकाळी मी बातमीत काय लिहिलं? 'विद्यार्थ्यांनी सुमधुर समूहगीत सादर केले.' वीस वर्षांची सवय, बोटं आपोआप चालतात. त्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

त्याच आठवड्यात रात्री एक अल्बम ऐकला. 'कानोन पोकायानेन'. संगीतकार आर्वो पॅर्त, गाणारे एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर, दिग्दर्शक तोनू काल्युस्ते. १९९७ साली ताल्लिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये ध्वनिमुद्रण झालं. तासाभराहून जास्त वेळ माणसांचे आवाज आणि फक्त आवाज. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही, पण अर्ध्या रात्री उठून बसलो होतो.

यात एक गोष्ट फार आवडली. लांब सूर धरायचा असतो तेव्हा सगळे एकदम श्वास घेत नाहीत. एक जण श्वास घेतो, तेवढ्यात शेजारचा सूर सांभाळतो. मग त्याची पाळी. ऐकणाऱ्याला सूर कुठेच तुटलेला कळत नाही. हे पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून येतं.

आता तो देश बघा. एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम १३-१४ लाख. आपल्या सातारा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती. म्हणजे आपल्या अर्ध्या जिल्ह्याएवढाही नाही. तरी या वृंदाला पॅर्तच्या संगीतासाठी दोनदा, २००७ आणि २०१४ मध्ये, ग्रॅमी मिळालं. पॅर्तला सोव्हिएत राजवटीत त्रास झाला, १९८० मध्ये देश सोडावा लागला. ज्या निगुलिस्तेत हे गाणं मुद्रित झालं ते १९४४ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं, पुन्हा उभं करताना १९८२ मध्ये आग लागली. तरी ते दुरुस्त करून १९८४ पासून तिथे संग्रहालय आणि मैफलींची जागा सुरू केली. आपल्याकडे नाट्यगृहाचं छत गळायला लागलं की आपण आधी कुलूप शोधतो.

हा वृंद आभाळातून पडला नाही. तोनूचे वडील हाइनो काल्युस्ते यांनी १९५१ मध्ये एलरहाइन नावाचा मुलांचा वृंद सुरू केला. त्यातून हौशी गायकांचा चेंबर क्वायर झाला आणि त्यातूनच १९८१ मध्ये तोनूने हा व्यावसायिक वृंद उभा केला. म्हणजे जगात गाजलेल्या अल्बमची सुरुवात स्टुडिओत नाही, लहान पोरांच्या तालमीत झाली.

त्याच्याही मागे जाऊ. १८६९ मध्ये तार्तू गावात देशातला पहिला गीतमहोत्सव भरला. भरवणारा कोण? योहान वोल्देमार यान्सेन, वर्तमानपत्राचा संपादक. म्हणजे आमच्याच धंद्यातला. तेव्हा एस्टोनिया झारच्या राज्यात, लोक बहुतेक शेतकरी. ती परंपरा इतकी रुजली की १९८८ मध्ये लाखो लोक ताल्लिनच्या गीतमैदानावर गात उभे राहिले आणि १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. नुसत्या गाण्याने झाला असं म्हणणार नाही. पण एकत्र उभं राहायची सवय त्यांना गाण्याने लावली होती.

कोणी म्हणेल, इथे पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही आणि हा गाणी घेऊन बसलाय. मान्य. पण टँकरसाठीसुद्धा एका आवाजात बोलावं लागतं, ती सवय आपल्याला कुठे आहे? आणि आपल्याकडे परंपरा नाही असंही नाही. वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावलं. प्रत्येक वाडीत भजनी मंडळ आहे. तुटलंय ते शाळेपाशी.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९. सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असं त्याच्या अनुसूचीत लिहिलंय. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत तो आहे, हे पालकसभेत विचारा. मीही माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन.

तोवर मागणी छोटी आहे. आठवड्याला गाण्याचा एक तास. कपाटात बंद असलेली पेटी बाहेर काढा. भजनी मंडळातल्या एखाद्या बुवांना शाळेत बोलवा, चहा पाजा, नारळ द्या. पोरं बेसूर गातील, गाऊ द्या. बेसूर गायल्याशिवाय सुरात कोण आलंय?

आणि माझ्यापुरतं एवढं. २६ जानेवारीला मी पुन्हा बातमी करायला येणार आहे. पोरं खरंच गायली, अगदी बेसूर गायली, तरी फोटोसकट बातमी देईन. पेनड्राइव्ह वाजला तर बातमीत पेनड्राइव्हच वाजला असं लिहीन.