वाळू दिसते छान, पण...

पाल म्हटलं की आपल्या घरात आधी किंचाळी ऐकू येते आणि मग झाडू निघतो. पण ऑनसाईटवर अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेलात की चित्र बदलतं. कुत्रा ठेवायला घरमालकाची परवानगी नाही, मांजराची रूममेटला अ‍ॅलर्जी, आणि ऑफिसातून घरी यायला रात्रीचे आठ. मग एखाद्या वीकेंडला पेट शॉपमध्ये चक्कर होते आणि काचेच्या पेटीत ‘ती’ दिसते. पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके, चेहऱ्यावर कायमचं मिश्कील हसू. लेपर्ड गेको! भुंकत नाही, फिरायला न्यावी लागत नाही, आणि आपण घरी येतो तेव्हाच तिचा दिवस सुरू होतो. एकदम कूल!

प्रॉब्लेम पुढे सुरू होतो. काउंटरवरचा पोरगा हौसेने एक किट पुढे करतो: छोटीशी टाकी, गरम होणारा खोटा दगड आणि रंगीत वाळूची पिशवी. ‘वाळवंटातला प्राणी आहे ना!’ मंडळी, मनात शंकेची पाल चुकचुकायची ती इथेच.

वाळवंट? छे!

या पालीचं शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये केलं. ते तेव्हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते आणि नमुना होता पंजाबातल्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या, सॉल्ट रेंज डोंगरांमधला. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मुलूख. तिथे ती राहते कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर. पायाखाली घट्ट, चिकणमातीची जमीन आणि दिवसभर लपायला दगडांच्या फटी. मऊ वाळूच्या टेकड्या हे तिचं घर नव्हेच. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवरही चढत नाही. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नख्या असतात. थोडक्यात काय, तर हिला हवी पक्की जमीन!

पोटात काय जातं?

लेपर्ड गेको जग ओळखते जिभेने. दिसेल ते चाटते. रातकिड्यावर झडप घालताना तोंडात किड्याबरोबर वाळूही जाते. टाकी पुरेशी उबदार नसेल तर पचन मंदावतं, अंगात पाणी कमी असेल तर आणखी पंचाईत, आणि मग वाळू साठून आतडं तुंबतं. पिल्लांना हा धोका सगळ्यात जास्त. खाणं बंद, शी बंद, पोट फुगलेलं, हालचाल मंद, अशी लक्षणं दिसली तर एरंडेलासारखे घरगुती प्रयोग नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठा, तोही त्याच दिवशी.

‘कॅल्शियम सँड’ नावाची वाळू तर आणखी फसवी. ‘पोटात गेली तरी पचते’ अशी तिची जाहिरात. पण कॅल्शियम हवं म्हणून पाल तीच चाटत बसते, आणि ढीगभर गेली की तीसुद्धा गोळा होऊन अडकते. कॅल्शियम द्यायचं तर पावडर किड्यांना लावा आणि बाटलीच्या बुचात थोडी ठेवा. जमिनीवर पसरू नका.

मग तळाला घालायचं काय?

पहिले काही आठवडे सरळ किचन टॉवेल. दिसायला बोअर, पण रोज बदलता येतो आणि शी कशी होते हे स्वच्छ दिसतं. नवीन आणलेल्या किंवा आजारी पालीसाठी हाच बेस्ट.

नंतर फरशी. खडबडीत सिरॅमिक टाइल किंवा पाटीचा दगड मापात कापून घ्या. पुसायला सोपी, ऊब धरते आणि नख्याही थोड्या झिजतात. गुळगुळीत चकाकणारी टाइल मात्र नको, पाय घसरतात.

अनुभवी मंडळी साधी माती आणि वाळू साधारण ७०:३० मिसळून, दाबून घट्ट जमीन करतात. पाल मोठी आणि ठणठणीत असेल, तापमान नेमकं असेल तर हे छानच, तिला उकरताही येतं. पण पहिल्याच महिन्यात हा प्रयोग नको. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे कधीच नकोत. देवदाराचा भुसाही नको, त्याच्या वासातली द्रव्यं बाधतात. कार्पेट ठेवलंत तर त्यात नख्या अडकतात आणि घाणही साठते.

टू बीएचके हवाच

एका मोठ्या पालीला साधारण ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच टाकी द्या. टाकीत एकच पाल. दोन नर एकत्र ठेवलेत तर मारामारी ठरलेली. लपायला तीन जागा हव्यात: एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला आणि एक ओलसर. ओलसर जागेसाठी झाकणाच्या डब्याला भोक पाडा आणि आत ओलं मॉस घाला. कात नीट निघाली नाही तर ती बोटांवर आवळून बसते आणि बोटं गळतात, म्हणून हा डबा मस्ट.

उबदार बाजूची जमीन ३२ ते ३४ अंश सेल्सियस, थंड बाजू २४ ते २६. हीटर कुठलाही घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. तो गरम होणारा दगड दुकानातच राहू द्या, पोट भाजतं. रात्री दिवे बंद.

आणि आपल्याकडे?

हिची भावंडं महाराष्ट्रातही आहेत बरं का! युब्लेफॅरिस फस्कस ही जात महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या माळांवर राहते, तर सातपुड्यातली जात वेगळी आहे हे २०१४ मध्ये जाहीर झालं. ट्रेकला दिसली तर लांबून फोटो काढा आणि पुढे चला. तिला विष नसतं, तिला मारू नका आणि डब्यात घालून घरीही आणू नका. तिचं घर तिला आधीच मिळालंय.

परदेशात पाळणाऱ्यांनी एक हिशेब आधी करायचा. नीट सांभाळलेली लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगते. तुमचा व्हिसा तितका आहे का? प्रोजेक्ट संपला की सोफा आणि मायक्रोवेव्हबरोबर ‘मूव्हिंग सेल’मध्ये टाकायची ही वस्तू नव्हे. परत यायची वेळ आली तर तिला कोण सांभाळणार, हे नाव आधी पक्कं करा. मगच टाइल कापायला द्या!