कोऱ्या बॅटचा धडा

१९९६ च्या विश्वचषकाचं नावच ‘विल्स’ विश्वचषक होतं, सिगारेटचं. त्या स्पर्धेत सर्वाधिक ५२३ धावा करणाऱ्या सचिन तेंडुलकरची बॅट मात्र कोरी होती. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्यानं वडिलांना दिला होता आणि बॅटवर स्टिकर लावण्यासाठी सिगारेट कंपन्यांनी देऊ केलेला पैसा नाकारला होता. पुलेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकले, तेव्हा शीतपेयाची जाहिरात चालून आली. जे मी पीत नाही ते मुलांना प्यायला कसं सांगू, म्हणून त्यांनी ती नाकारली. बॅडमिंटनमध्ये तेव्हा क्रिकेटइतका पैसा नव्हता. म्हणून हा नकार मला अधिक मोठा वाटतो.

नटांनी, खेळाडूंनी संतांसारखं जगावं असं माझं म्हणणं नाही. त्यांचे संसार, त्यांची भांडणं त्यांच्यापाशी. जाहिरातीचं तसं नाही. तिथं मुलांचा त्यांच्यावरचा विश्वासच पैसे घेऊन विकला जातो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं मनाई आहे. आणि संध्याकाळी मॅच लावली, की पानमसाल्याचंच नाव वेलचीच्या पुडीवर छापून घरात येतं, लाडक्या हिरोच्या हातून. तिसरीतल्या पोराला वेलची आणि पानमसाल्यातला कायदेशीर फरक कुठून कळणार? त्याला ते नाव आणि तो चेहरा लक्षात राहतो. टपरीवर लटकणारी माळ मग त्याला ओळखीची वाटते. अक्षय कुमार यांनी एप्रिल २०२२ मध्ये चाहत्यांची माफी मागून अशा जाहिरातीतून अंग काढून घेतलं, हे चांगलंच झालं. पण करार संपेपर्यंत ती दिसत राहू शकेल, हेही त्यांनाच सांगावं लागलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिनच्याच घरासमोर आंदोलन केलं, त्यानं केलेल्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून. कोऱ्या बॅटची गोष्ट मुलांना सांगणाऱ्या माझ्यासारख्यांना ते फार लागलं. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली. वेलची मात्र सुटली.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं आयपीएलला पत्र लिहिलं: तंबाखू आणि मद्याच्या आडून होणाऱ्या जाहिराती थांबवा, खेळाडूंनाही त्यापासून दूर ठेवा. नुसत्या पत्रानं हे व्हायचं नाही. क्रिकेट मंडळानं पुढच्या लिलावाआधी प्रत्येक खेळाडूच्या करारात तसं कलमच घालावं.