ऐश म्हणजे भाकरी

मराठीत 'ऐश' म्हणजे चैन. ज्याच्या पोटापाण्याची काळजी मिटली आहे, त्यानेच करायची गोष्ट. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ जगणे, जीवन. इजिप्तच्या बोलीत मात्र 'ऐश' म्हणजे रोजची भाकरी. जगणे आणि भाकरी यांत भेद करण्याची सवड नसलेल्या लोकांनी एकाच शब्दावर दोन्ही भागवले. २०११ च्या जानेवारीत कैरोच्या तहरीर चौकात जी घोषणा दुमदुमली तिचे पहिले पद हेच होते : ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय.

आपल्याकडच्या चर्चेत या तिहेरी मागणीतले मधले पद तेवढे उरले. पहिले आणि तिसरे गळाले. तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही अरबी कादंबरीचा विषय काढतो, तेव्हा वर्गातून ठरलेला प्रश्न येतो : "सर, तिकडे सगळे धर्मावरच चालते ना?" विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आम्हीही बराच काळ असेच वाचत होतो. अरब समाज म्हणजे धर्म, टोळ्या आणि हुकूमशहा, हे चित्र इतके सोयीचे आहे की त्यात जमीन कोणाची, गिरणी कोणाची, कर्ज कोणी काढले आणि फेडले कोणी, हे प्रश्न विचारण्याची गरजच वाटत नाही. आमचे म्हणणे असे की हे प्रश्न विचारल्याशिवाय अरब राजकारण तर नाहीच, अरबी कादंबरीही वाचता येत नाही.

इजिप्तचेच उदाहरण घेऊ. महंमद अलीने १८२० च्या दशकात लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू करविली आणि त्याचा व्यापार राज्याच्या मक्तेदारीत ठेवला. म्हणजे तेथे आधुनिक भांडवलशाहीचा पाया घालण्यात राज्याचाच हात होता. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरचा कापूस आटला, तेव्हा नाईलचे खोरे आणि आपले वऱ्हाड-खानदेश एकाच बाजारपेठेत एकाच तेजीवर स्वार झाले. युद्ध संपताच दोन्हीकडे भाव कोसळले. दख्खनच्या शेतकऱ्याने १८७५ मध्ये सावकाराच्या वह्या जाळल्या. इजिप्तमध्ये ऋणको खुद्द खेदिव होता. कालवे, रेल्वे आणि राजवाडे यांच्यासाठी काढलेले युरोपीय कर्ज फेडता न आल्याने १८७६ मध्ये त्याची तिजोरी परकीय धनकोंच्या देखरेखीखाली गेली आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली. फेलाहीन, म्हणजे तेथील कुळवाडी, यांना जाळायला वहीच सापडली नाही. त्यांचा सावकार लंडन-पॅरिसमध्ये बसलेला होता आणि वसुलीचे काम त्यांचेच सरकार करीत होते.

१९५२ च्या जुलैत लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला हाकलले. त्यानंतरच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हांला वाटते. ऑगस्टमध्ये कफ्र अल-दव्वारच्या कापड गिरणीत कामगारांनी संप केला. नव्या राजवटीने लष्करी न्यायालय बसवले आणि सप्टेंबरात मुस्तफा खमीस व महंमद अल-बकरी या दोन कामगारांना फाशी दिली. त्याच सप्टेंबरात जमीन सुधारणा कायदा आला : कोणाही व्यक्तीला दोनशे फद्दानांहून (फद्दान एकरापेक्षा किंचित मोठा) अधिक शेतजमीन ठेवता येणार नाही. कुळांना संरक्षण मिळाले, खंडावर मर्यादा आली. एका हाताने फास आणि दुसऱ्या हाताने सातबारा! यात विसंगती नाही. राज्य देईल ते घ्यावे, स्वतः संघटित होऊन मागू नये, हा पुढच्या साठ वर्षांचा करार त्या एका महिन्यात लिहिला गेला. सुएझचे राष्ट्रीयीकरण (१९५६), १९६१ चे समाजवादी कायदे, मोफत शिक्षण, पदवीधराला सरकारी नोकरी, स्वस्त भाकरी ही त्या कराराची कलमे. ती खोटी नव्हती. कोट्यवधी लोकांचे आयुष्य त्यांनी खरोखर बदलले. पण कामगार वर्ग म्हणून त्यांचा आवाज त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

१९७४ मध्ये सादातने 'इन्फिताह', म्हणजे खुलीकरण, जाहीर केले. मग करार एकतर्फी मोडू लागला. १९७७ च्या जानेवारीत नाणेनिधीच्या आग्रहावरून अनुदाने कापताच अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत शहरे पेटली. लष्कर रस्त्यावर आले, डझनावारी माणसे मारली गेली आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. राज्यकर्त्यांनी यातून धडा घेतला तो असा : भाकरीला हात लावायचा तर हळूच लावावा.

खुलीकरणाने राज्य मागे सरले आणि बाजार पुढे आला, असे पाठ्यपुस्तकी वर्णन केले जाते. आम्हांला ते मान्य नाही. १९९२ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने कुळांचे संरक्षण काढले. पाच वर्षांची मुदत संपून १९९७ मध्ये तो पूर्ण लागू झाला, तेव्हा कुळांना जमिनीवरून उठवायला पोलीस लागले. बाजार आपोआप येत नसतो. त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ती सरकारी दंडुक्याने केली जाते. ज्यांना कारखाने, जमिनी आणि परवाने मिळाले ते राज्याच्या बाहेरचे कोणी नव्हते. मंत्री, पक्षनेते, सेनानी आणि कंत्राटदार यांची ती एकच बिरादरी होती. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या लष्कराच्या राष्ट्रीय सेवा प्रकल्प संघटनेकडे मॅकरोनी, बाटलीबंद पाणी आणि सिमेंटही आले. सैन्य म्हणजे राज्य की भांडवलदार, असा प्रश्न येथे विचारणेच चुकीचे ठरते.

आखाताकडे वळले की 'तेलखंडावर जगणारे राज्य' हा सिद्धांत हाताशी असतो. राज्याला तेलातून पैसा मिळतो, कर घ्यावा लागत नाही, म्हणून प्रजेला उत्तर द्यावे लागत नाही. १९८७ मध्ये हा सिद्धांत मांडणाऱ्यांत हाझेम अल-बेबलावी होते. इतिहासाची थट्टा अशी की २०१३ च्या जुलैत लष्कराने मोर्सींना पदच्युत केल्यावर हेच बेबलावी इजिप्तचे हंगामी पंतप्रधान झाले आणि सौदी अरेबिया, अमिराती व कुवेत यांनी बारा अब्ज डॉलरांच्या मदतीचा शब्द दिला. या सिद्धांतात एक माणूस मात्र दिसत नाही : मजूर. कतार आणि अमिरातीत नागरिक लोकसंख्येच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढेच आहेत. बाकीचे काम करायला आलेले, आणि कफालाच्या पद्धतीने मालकाशी बांधलेले. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसे आखातात गेली त्यांना हे आम्ही सांगायला नको. ॲडम हनीये यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात आखातातील वर्गरचना या परदेशी श्रमाशिवाय समजत नाही, असे सविस्तर दाखवले आहे.

आणि येथेच साहित्य अर्थशास्त्राच्या पुढे गेलेले होते. घस्सान कनफानींच्या 'उन्हातली माणसे' (१९६३) या लघुकादंबरीत तीन पॅलेस्टिनी कुवेतला पोचण्यासाठी टँकरच्या रिकाम्या टाकीत लपतात आणि सीमेवरचा कारकून चेष्टामस्करीत वेळ घालवत असताना आत गुदमरून मरतात. सीमा, कागद, श्रम आणि मृत्यू यांचे अर्थशास्त्र त्यात आहे. 'मिठाची शहरे'चे लेखक अब्दुर्रहमान मुनीफ यांनी तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती. त्यांच्या १९८४ च्या पहिल्या खंडात ओॲसिस उद्ध्वस्त होते आणि उंटवाल्यांचे कामगार होतात. सोनअल्ला इब्राहीम यांच्या 'झात' (१९९२) मध्ये एका मध्यमवर्गीय स्त्रीच्या कहाणीची प्रकरणे आणि वृत्तपत्री कात्रणांची प्रकरणे आलटून पालटून येतात. विद्यार्थी हमखास कात्रणे वगळून वाचतात. आम्ही सांगतो, वगळू नका. त्या बाईच्या स्वयंपाकघरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे त्या कात्रणांतच ठरते. याच लेखकाने २००३ मध्ये कैरोच्या व्यासपीठावर जाऊन सरकारी पुरस्कार नाकारला. २०२५ मध्ये ते वारले.

आमच्यावर एक आक्षेप येईल : तुम्ही सर्व काही वर्गात बसवता, मग श्रद्धेचे काय? श्रद्धा खरी आहे, आणि तिच्यासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. पण २०१२-१३ मध्ये मुस्लिम ब्रदरहुडच्या हाती सत्ता आली तेव्हा तिचे अर्थकारण कसे होते? खैरत अल-शातिर यांच्यासारखे श्रीमंत व्यावसायिक तिच्या नेतृत्वात होते आणि नाणेनिधीशी ४.८ अब्ज डॉलरांच्या कर्जाची बोलणी तिनेही केली. धर्माचे नाव बदलले, भाकरीचे गणित तेच राहिले. उलट २००६ च्या डिसेंबरात महल्ला अल-कुब्राच्या गिरणीत वीस हजारांहून अधिक कामगार थकलेल्या बोनससाठी संपावर गेले, तेव्हा आधी यंत्रे सोडून निघाल्या त्या शिलाई विभागातल्या बायका, आणि त्यांनी विचारले की पुरुष कोठे आहेत! तहरीरचा रस्ता त्या गिरणीतून जातो. फेसबुकवरून तो सुरू झाला असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पुढचे ठाऊकच आहे. २०१६ मध्ये नाणेनिधीचे बारा अब्ज डॉलरांचे कर्ज घेताना पौंड मोकळा सोडला गेला, २०२४ मध्ये पुन्हा. अनुदानित भाकरीचे वजन २०२० मध्ये घटवले होते. २०२४ च्या जूनमध्ये तिची किंमत तीन दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच वाढली, पाच पियास्तरांवरून वीस. आकडा क्षुल्लक वाटेल. पण ती भाकरी खाणारे सहा कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांच्यासाठी १९५२ च्या कराराचे शेवटचे कलम त्या दिवशी दुरुस्त झाले.

भाकरीची मागणी ही स्वातंत्र्याच्या मागणीहून खालच्या पायरीवरची, पोटार्थी, असे आपण नकळत धरून चालतो. तहरीरमध्ये जमलेल्यांनी ती पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. तो क्रम बदलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पुढच्या वर्षी अरबी कादंबरीचा तास आम्ही या एका शब्दापासून सुरू करणार आहोत. फळ्यावर 'ऐश' असे लिहू आणि वर्गाला अर्थ विचारू. पहिले उत्तर 'चैन' असे येईल. तेथून भाकरीपर्यंत पोचायला सत्र पुरले, तर शिकवणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.